सर, निर्णय माझाच राहू दिलात म्हणून

आदरणीय सर,

सविनय नमस्कार.

हे सगळं घरी येऊनही सांगता आलं असतं. पण समोर बसून कुणी आभार मानायला लागलं की तुम्ही विषय पावसावर नेता, हे आता मला पक्कं ठाऊक आहे. शिवाय जून लागला की गावाकडच्या पोरापोरींचे फोन सुरू होतात, "ताई, बी.एस्सी. झालं, आता पुढं काय करू?" त्यांना दर वेळी मी तुमच्याबद्दलच सांगते. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहावं आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहावं.

2018 साली मी शेवटच्या वर्षाला होते, विषय जिऑलॉजी. त्या वर्षी कुणाच्या लग्नात जेवायला बसलं तरी पानावर पहिला प्रश्न तोच वाढला जायचा. आईला वाटायचं बी.एड. करावं, म्हणजे जवळपासच्या शाळेत लागता येईल. मामा म्हणायचा, पुण्याला जाऊन अभ्यासिका लाव, एमपीएससी दे. चुलतभावानं तर मुसळगावच्या एमआयडीसीत शब्दही टाकून ठेवला होता, केमिस्ट्री झालीय ना, क्वालिटी कंट्रोलला घेतात म्हणून. सगळे मायेनं सांगत होते. पण बी.एड. झालेली मावसबहीण भरतीची वाट बघत घरी बसली होती, आणि पुण्याला गेलेली वरच्या वर्गातली मुलं सणालाही गावी यायची बंद झाली होती. एम.एस्सी. करावी असं मला आतून वाटे, पण ती करून माणूस नेमकं काय काम करतो हे माझ्या ओळखीत कुणालाच सांगता येत नव्हतं. मलाही नव्हतं.

तुम्ही भेटलात सप्टेंबरात, कसारा घाटातल्या फील्ड ट्रिपला. भूजल विभागातून निवृत्त झालेले पाहुणे म्हणून आला होतात. रस्त्यासाठी कापलेल्या कड्यासमोर उभं करून, लाव्हाचे थर कुठून कुठं बदलतात ते आमच्याकडून ओळखून घेतलंत. परतताना बसपाशी मी विचारलं, "सर, एम.एस्सी. करू का एमपीएससी?" तुम्ही उत्तर दिलं नाहीत. उलट विचारलंत, "भूजलाचं काम कधी जवळून पाहिलंयस का?" नाही म्हटल्यावर म्हणालात, "ऑक्टोबरात विहिरी मोजायला निघतो मी. घरी विचार आणि ये. तोवर जॅमचा फॉर्म भरून टाक. भरला म्हणजे जायलाच पाहिजे असं काही नाही."

त्या एका वाक्यानं माझं एक वर्ष वाचलं. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी जॅम नावाची परीक्षा असते, तिच्यात जिऑलॉजीचा स्वतंत्र पेपर असतो, फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात आणि पेपर फेब्रुवारीत होतो, हे आमच्या वर्गात कुणाच्या कानावरही नव्हतं. शेवटच्या वर्षाच्या निकालानंतर चौकशीला निघालेल्या मुलांना अशा तारखा हुकलेल्याच सापडतात.

ऑक्टोबरातला तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. पाऊस ऑगस्टनंतर गायब झाला होता. महिनाअखेरीला राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात आमचं सिन्नर होतंच. तुम्ही निवृत्तीनंतरही पंचक्रोशीतल्या विहिरींची पातळी स्वतःच्या वहीत टिपून ठेवत होतात, खात्याच्या शिस्तीनं वर्षातून चारदा: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. पहिल्याच विहिरीवर टेप माझ्या हातात दिलात. टोकाला वजन, खालच्या हातभर लांबीला खडू फासलेला. टेप पाण्यात बुडेपर्यंत सोडायची, काठावरच्या खुणेशी पूर्ण मीटरचा आकडा धरायचा, मग वर ओढून खडू जिथपर्यंत भिजला तेवढं वजा करायचं. नंतर कठड्याची जमिनीपासूनची उंचीही वजा करायची. मी आकडा सांगितला तर म्हणालात, पुन्हा मोज. पुन्हा मोजला. मग सांगितलंत की खातं हाच ऑक्टोबरचा आकडा गेल्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून बघतं आणि टंचाई कुठं पडणार ते त्यावरून ठरतं. "वजाबाकीत अर्धा मीटर चुकलीस तर कागदावर पाणी अर्धा मीटर वर येतं. गावात नाही येत."

मग विहिरीत वाकून बघायला लावलंत. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली पांढऱ्या ठिपक्यांचा सच्छिद्र खडक आणि तळाशी काळा अखंड पाषाण. मधल्या खडकाचा तळ आणि पाषाणाचा माथा जिथं टेकतात तिथं भिंत ओली होती, आणि ओल एकाच बाजूनं येत होती. तीन वर्षं मी हे खडक प्रयोगशाळेत ट्रेमध्ये ठेवलेले पाहिले होते, नावं पाठ केली होती. ते पाणी अडवतात नाहीतर सोडतात, आणि त्यावर कुणाचा तरी कांदा जगतो किंवा जळतो, हे त्या विहिरीत दिसलं. घरी येताना माझ्या मनानं बराचसा कौल दिला होता. तुम्ही मात्र तो मान्य केला नाहीत. "एक दिवस छान गेला म्हणून आयुष्य ठरवू नकोस," म्हणालात, आणि तीन फोन नंबर दिलेत.

त्या तीन नंबरांबद्दल मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत. तिघंही आपापल्या वाटेवर पाच-सात वर्षं काढलेले. करिअर कसं आहे असं विचारू नकोस, लोक भाषण देतात, असं बजावलं होतंत. प्रश्न एकच विचारायचा होता: "काल दिवसभर काय केलंत?"

चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीतल्या दादांनी सांगितलं की आदला सगळा दिवस बोअरहोलमधून निघालेली कोअर, म्हणजे खडकाची लांब गोल कांडी, पेट्यांत क्रमानं लावून, वीत वीत बघून तिची नोंद करण्यात गेला होता. पगार चांगला, क्वार्टर मिळतं, उन्हाळा भाजून काढतो. दुसरा मुलगा यूपीएससीच्या जिओसायंटिस्ट परीक्षेमागे होता. त्यानं काहीही झाकलं नाही. जागा मोजक्या, तयारीत वर्षं जातात, आणि एम.एस्सी.शिवाय त्या परीक्षेला बसताच येत नाही. तिसऱ्या ताई एका संस्थेत गावोगावच्या भूजलाचा अभ्यास करायच्या. आदल्या दिवशी त्यांनी एका गावातल्या सगळ्या विहिरींचे मालक शोधत पायपीट केली होती आणि संध्याकाळी ग्रामसभेत कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं. फील्डवर बाईमाणसाची गैरसोय कुठं होते, काय सोबत ठेवायचं, कुणाच्या घरी निःसंकोच पाणी मागायचं, हे त्यांनी जितकं मोकळेपणानं सांगितलं तितकं मला त्यानंतर कुणी सांगितलेलं नाही. पगार विचारला तर आकडा सांगितला. एमआयडीसीतल्या मुलांपेक्षा तो फारसा वेगळा नव्हता.

हे सगळं वहीत उतरवून तुमच्याकडे आले. तुम्ही एक कोरा कागद घेतलात आणि प्रत्येक वाटेपुढं एवढंच लिहायला लावलंत की ही वाट आज सोडली तर पुन्हा कधीपर्यंत धरता येईल. राज्यसेवेला कुठलीही पदवी चालते, म्हणजे एम.एस्सी. केली तरी ती वाट खुलीच. बी.एड. पुढंही करता येतं. कंपनीतली नोकरी दोन वर्षांनीही बघता आली असती. उलट अभ्यासात खंड पडला आणि घरची घडी एकदा बसली की मुलीनं परत एम.एस्सी.ला जाणं किती अवघड होतं, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण त्या रकान्यात पेन्सिल टेकवून बराच वेळ थांबलात. माझ्यासारख्या घरातल्या मुलींना हे कुणीतरी असं समोर मांडून दाखवायला हवं. वाट कुठली चांगली यावर सगळे बोलतात, कुठली लवकर बंद होते हे कुणीच बोलत नाही.

आणखी एक. 2019 च्या सुरुवातीला बायकांना जमिनीखालच्या खाणीत काम करायची परवानगी मिळाली, तेव्हा तुम्ही पेपरातलं ते कात्रण मला पाठवलंत. मला खाणीत जायचं नाही हे तुम्हाला माहीत होतं. तरी पाठवलंत, कारण न घेतलेल्या वाटेचीही पूर्ण माहिती मला असावी असं तुम्हाला वाटत होतं.

आता आमच्या अण्णांबद्दल.

मे महिन्यात विहीर तळाला गेली होती आणि अण्णांनी आणखी एक बोअर घ्यायचं ठरवलं होतं. आधीचे बोअर धूळ काढून गेले होते. पाणाड्या येऊन, तळहातावर नारळ धरून रान फिरला आणि पूर्वेच्या कोपऱ्यात त्यानं खूण केली. तुम्ही आलात ते जमिनीत करंट सोडून खालचा खडक ओळखायचं यंत्र घेऊन, जुन्या सहकाऱ्याकडून मागून आणलेलं. मला वाटलं होतं आता वाद होणार. तुम्ही त्या माणसाला चहाला थांबवलंत, कोणत्या झाडाझुडपांवरून अंदाज बांधतो ते विचारलंत, त्यातलं जे पटलं त्याला मान डोलावलीत. मग चार सळया एका रेषेत ठोकल्या. जमीन इतकी वाळली होती की करंट जाईना. आईनं घरातून मीठ आणलं, बादलीत कालवून सळयांच्या बुडाशी ओतलं, आणि आकडे यायला लागले. सळया लांब लांब सरकवत नेल्या, मी आकडे लिहीत होते, अण्णा माझ्या खांद्यावरून वहीत बघत होते.

शेवटी मातीतच बसून तुम्ही अण्णांना सांगितलंत की तिथं थोड्याच खोलीवर अखंड पाषाण लागतोय आणि खाली बराच तसाच दिसतोय. आपल्या बेसॉल्टमध्ये मुळातच पाणी कमी मावतं, शंभर घनमीटर खडकात जेमतेम दोन-तीन घनमीटर. 2009 च्या भूजल कायद्यानं शेतीला 60 मीटरच्या खाली बोअर घ्यायला बंदी आहे, हेही सांगितलंत. "अण्णा, पैसे तुमचे आणि रान तुमचं. माझं असतं तर मी इथं बोअर घेतला नसता." एवढंच. अण्णा काही बोलले नाहीत. पण बोअरची गाडी आली नाही. ते पैसे घरात राहिले आणि जूनमध्ये त्यातूनच माझी पुण्याची पहिली फी भरली गेली.

त्या दिवशी तुम्ही माझ्या शिक्षणाबद्दल अण्णांपाशी चकार शब्द काढला नाहीत. तरीही रात्री जेवताना अण्णाच म्हणाले, "हे शिकायला पुण्याला किती वर्षं लागतात?"

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. जॅमचा निकाल आयआयटीपर्यंत पोचला नाही, पण त्या अभ्यासावर पुण्याला प्रवेश मिळाला. दुसऱ्या वर्षाचा बराच काळ कोविडमुळे घरीच गेला, तेव्हा प्रबंधासाठी आपल्याच भागातल्या विहिरी घेतल्या आणि तुमच्या वह्यांतल्या नोंदी वापरल्या. आज मी एका संस्थेत गावांच्या पाण्याचा ताळेबंद मांडायला मदत करते: पाऊस किती पडला, मुरला किती, रब्बीला उरलं किती, आणि त्यात कांदा किती एकरांवर झेपेल. अटल भूजल योजनेत सात राज्यांमध्ये असं काम सुरू झालं, तेव्हापासून हे शिकलेल्या माणसांची गरज वाढली. पगारानं कुणी दिपून जाणार नाही, पण घर चालतं, भावाच्या शिक्षणाला हातभार लागतो, आणि ग्रामसभेत आता ऐकून घेतात. निदान निम्म्या वेळा तरी.

सर, मला सल्ला देणारे खूप होते. काम दाखवणारे तुम्ही एकटे होतात. माझ्या जागी निर्णय घ्यायची संधी तुम्हाला अनेकदा होती, मी तर तुम्हीच सांगा म्हणून मागेच लागले होते. तुम्ही दर वेळी तो माझ्याकडे परत दिलात, पण प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडी जास्त माहिती देऊन. त्यामुळे अवघड दिवशी, ग्रामसभेतून उपाशी परतताना सुद्धा, कुणी मला यात ढकललं असं मनात येत नाही. याचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. मनापासून मानते, एवढंच.

एक मागणंही आहे. तुमच्या त्या सगळ्या वह्या मला काही दिवसांसाठी द्याल का? एकाच पंचक्रोशीतल्या विहिरींच्या इतक्या वर्षांच्या सलग नोंदी दुसऱ्या कुणाकडे असतील असं मला वाटत नाही. पानन्‌पान स्कॅन करून, आकडे संगणकावर चढवून वह्या जशाच्या तशा परत आणून देते. यंदा शेवटच्या वर्षाला असलेल्या आपल्या भागातल्या दोघी मुली टायपिंगला तयार आहेत. त्यांनाही ऑक्टोबरात तुमच्याबरोबर विहिरीवर यायचं आहे. येत्या रविवारी तिघी मिळून येतो. काकूंना सांगा, जेवायलाच येतोय.

आपली नम्र,
तुमची विद्यार्थिनी