बिंगशोची पोल्स्का पाठवतोय

उप्साला

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. रविवारच्या बैठकीत सगळ्यांना मिळून वाजवता येईल अशी इथली एखादी धून नोटेशनसकट पाठव, असं तू लिहिलंस आणि मी लगेच कामाला लागलो. सोबत बिंगशो गावची एक पोल्स्का, म्हणजे तीन मात्रांच्या स्वीडिश लोकनाचाची धून आहे. रेकॉर्डिंग आहे आणि लिहिलेला कागदही आहे. फक्त एक अट आहे. कागद आधी उघडायचा नाही. आधी भरपूर ऐक, मग तोंडाने म्हण, मग पायाने ताल धर, त्यानंतर व्हायोलिन हातात घे. कागद सगळ्यात शेवटी. असं का, ते नीट सांगायचं म्हणून हे लांबलचक पत्र.

बिंगशो हे स्वीडनच्या दालार्ना प्रांतातलं, जंगलाने वेढलेलं छोटंसं गाव. १९६९ पासून तिथे जुलैच्या पहिल्या बुधवारी वादकांचा मेळा भरतो. मंचावरही कार्यक्रम होतात, पण खरं वाजवणं चालतं ते अंगणांत, झाडांखाली, उभ्या गाड्यांच्या आडोशाला. दोघं जण सुरू करतात. तिसरा बाजूला उभा राहून ऐकत असतो, आणि धून पुन्हा पहिल्यापासून आली की तोही हलक्या गजाने त्यांच्यात शिरतो. समोर कागद कुणाच्याच नसतो. याच गावचे योर्ट आंदेर्श ऊल्सॉन (१८६५–१९५२) हे फार मोठे वादक. त्यांच्या म्हातारपणातली ध्वनिमुद्रणं आजही ऐकायला मिळतात. हात थकलेला आहे, पण मात्रा कुठे पडायची याबद्दल तिळमात्र शंका नाही. मिळतील तेवढी ऐक.

आता मुद्द्याचं. कागदावर तीन मात्रांचा ताल दिसेल, पण त्या तीन मात्रा सारख्या नाहीत. बिंगशोकडच्या चालीत पहिली मात्रा आखूड असते, त्यामुळे दुसरी लवकर येते आणि लांबते, आणि तिसरी आपल्या जागेवर पडते. मला शिकवणाऱ्या बाईंकडे मी हे पायात पाहिलं. त्या जाड लोकरी मोजे घालून लाकडी जमिनीवर बसतात. पहिल्या मात्रेला टाच आपटते, तिसरीला पुन्हा आपटते, आणि दुसरीला पाय गप्प असतो. ती दुसरी मात्रा फक्त गजात असते. पाय पडायच्या आधीच गज निघालेला असतो आणि एकाच ओढीत तो मात्रेची सीमा ओलांडून पुढे जातो. मी कागदावरच्या खुणा विचारल्या, तर बाईंनी मला उठवून जोडीने नाचायला लावलं. या नाचात जोडी तीन मात्रांत स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेते. गिरकी घेताना शरीराचा तोल जिथे झुकतो, तिथेच ती लांबलेली दुसरी मात्रा आहे. ते एकदा अंगात उतरलं की मोजायची गरज उरत नाही.

म्हणून तुमच्या तबलजींना आधीच सांगून ठेव की हा दादरा नव्हे. त्यांनी समसमान मात्रा दिल्या तर धून जागच्या जागी बसेल. सुरुवातीला तबला नकोच, पहिली आणि तिसरी पायाने द्या.

गाव बदललं की हा हिशेबही बदलतो. नॉर्वेत तेलेमार्क भागातल्या स्प्रिंगार या तीन मात्रांच्या नाचात पहिली मात्रा लांब, दुसरी मध्यम आणि तिसरी आखूड, तर तिथल्याच वाल्द्रेस भागात आखूड, लांब, मध्यम. आणि मी राहतो त्या उप्लांदमधली स्लेंगपोल्स्का बऱ्यापैकी समान चालते. लिहिलेलं सगळीकडे तेच, ३/४, म्हणजे तीन सारख्या मात्रा.

हे जाणून घेताना मला सारखी भातखंड्यांची आठवण येत होती. इथे १९०८ मध्ये लोकसंगीत गोळा करायला एक आयोग नेमला गेला. त्यामागचा मोठा माणूस नील्स आंदेर्शॉन, तोही भातखंड्यांसारखाच कायदा शिकलेला. गावोगावच्या वादकांसमोर बसून तो धुना उतरवून घ्यायचा. १९२१ मध्ये तो गेला, पण १९२२ ते १९४० या काळात 'स्वेन्स्का लोतार' (स्वीडिश धुना) या संग्रहाचे चोवीस खंड निघाले. जवळपास त्याच काळात आपल्याकडे भातखंडे घराण्या-घराण्यांतल्या बंदिशी स्वरलिपीत उतरवून क्रमिक पुस्तकांत छापत होते. दोघांचेही उपकार किती मानावेत! भातखंड्यांच्या पुस्तकातून बंदिश बसवताना गुरुजी समोर लागतातच, हे तुला मी सांगायला नको. त्या चोवीस खंडांचंही तसंच आहे.

मी कसं उतरवलं ते सांगतो. रेकॉर्डिंग निम्म्या वेगावर ऐकलं, सूर तोच ठेवून. आधी फक्त पायाचे ठोके शोधले आणि त्यावरून विभागाच्या रेघा मारल्या. मग प्रत्येक मात्रेवरचा मुख्य स्वर, मग मधले स्वर, आणि अगदी शेवटी खटके. काही खटके मुद्दामच लिहिले नाहीत. ते दर फेरीत बदलतात, आणि एकदाचा छापला की लोक तोच गिरवत बसतात. गजाच्या ओढी मात्र एकूण एक लिहिल्यात, त्या सोडू नकोस. दोन भाग आहेत, दोन्ही दोनदा वाजतात. तुझ्यासाठी खाली सरगमही दिली आहे, सा म्हणजे डी. एका ठिकाणी गंधारावर बाण दिसेल. तो ना पुरता शुद्ध, ना कोमल. दालार्नातले जुने वादक असे मधले स्वर सर्रास लावतात. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्यांना हे पटवून घ्यायला वेळ लागतो. तुझा कान तयार आहे, तुला एकदा ऐकून मिळेल.

तुझं व्हायोलिन सा-प-सा-प मिळवलेलं असतं, ते यासाठी जी-डी-ए-ई कर. गज धुनेबरोबर मोकळ्या डी आणि ए तारांना घासून जाऊ दे. त्या गुंजण्याशिवाय ही धून फार ओकीबोकी वाटते.

बैठकीत सुरुवात ज्याला पक्की येते त्यानेच करावी, आणि वेग बेताचाच असावा. दोघं-तिघं तयार झाले की एकाने खालच्या सप्तकात तीच धून धरावी. बासरीवाल्याला वरचा पट्टा दे, पण दुसऱ्या भागात त्याला थोडं थांबव, तिथे व्हायोलिनची ओढ ऐकू यायला हवी.

बसली की रेकॉर्ड करून पाठव, आणि फोन जमिनीवर ठेव, म्हणजे मला तुमचे पाय ऐकू येतील. मी बाईंना ऐकवणार आहे. तोवर मी उप्लांदची एक स्लेंगपोल्स्का लिहायला घेतो, ती तुमच्या तबलजींना नक्की मानवेल.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र