ऑपरेशन माझ्यासाठी थांबवू नका

२७ एप्रिल

ती. बाबा आणि आई,
सा. न.

हे पत्र मंदारदादाला मेल केलंय, तो बाजारातून प्रिंट काढून आणेल. अक्षर मुद्दाम मोठं ठेवलंय, म्हणजे बाबांना आईकडून वाचून घ्यावं लागणार नाही. आई, वाचून दाखवताना तू नको ती वाक्यं गाळतेस, हे मला नववीच्या प्रगतिपुस्तकापासून ठाऊक आहे.

आधी सांगूनच टाकते. या सुट्टीत मी घरी येत नाहीये. जूनच्या पहिल्या आठवड्यात जिनेव्हाला जातेय, आठ आठवड्यांसाठी. पैसे विद्यापीठाने मंजूर केलेत, मी होकार कळवलाय, तिकीटही निघालंय. रविवारी फोनवर सांगणार होते. पण आईने आंबे अढीत घातल्याचं सांगितलं आणि माझ्या तोंडून "हो का, किती पेट्या?" एवढंच बाहेर पडलं.

"पाठवतायत म्हणून जावं लागतंय" असं मी इथे दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. कुणी पाठवत नाहीये. अर्ज मीच केला, आणि बाबांच्या मोतीबिंदूचं कळल्यावर केला.

आता बाबांचा प्रश्न: फुकट कोण देतं, आणि का? आपल्या देवस्थानाची ठेव कशी असते? मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर पालखी निघते. इथेही तसंच. कुणा माजी विद्यार्थ्याने आंतरराष्ट्रीय घडामोडींच्या अभ्यासासाठी म्हणून मोठी रक्कम ठेवून दिली, आणि तिच्या उत्पन्नातून दर उन्हाळ्यात आमच्यासारख्या बीए करणाऱ्या पोरांना संशोधनाला, इंटर्नशिपला बाहेर धाडतात. दोन पानांचा आराखडा, एका प्राध्यापकांची शिफारस आणि खर्चाचं अंदाजपत्रक, एवढ्यावर निवड. कर्ज नाही, बॉण्ड नाही. परत आल्यावर अहवाल द्यायचा आणि पावत्या जोडायच्या. पस्तीस पैशांचा हिशेब लागेना म्हणून रात्री अकरापर्यंत डेपोत बसलेल्या माणसाची मुलगी आहे मी, हे त्यांना कुठे माहीत?

इथल्या सरकारच्या बोरेन, गिलमन वगैरे शिष्यवृत्त्या फक्त अमेरिकन नागरिकांना मिळतात. आम्हा परदेशी मुलांना विद्यापीठाच्या ठेवीचाच आधार. शिवाय पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माझी पदवी झालेली असेल, मग हे पैसे मला मिळायचे नाहीत. म्हणजे आत्ताच. ही संधी किती मोठी ते सांगू? संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात इंटर्नशिप करणाऱ्यांना पगार नसतो. घरचे पैसे असतील त्यानेच जावं. २०१५ साली न्यूझीलंडचा एक २२ वर्षांचा मुलगा याच जिनेव्हात जागा परवडेना म्हणून तंबूत राहत होता, पेपरांत फोटो आले होते त्याचे. (हे सांगायला नको होतं. आई, मी तंबूत राहणार नाहीये. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात खोली घेतलीय, स्वयंपाकघर सामायिक आहे पण कुकर चालतो, विचारून घेतलंय.)

तिथे जाऊन काय करणार? जुने कागद वाचणार. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं मुख्यालय जिनेव्हात आहे आणि तिचं दफ्तरही तिथेच. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला या संघटनेची पहिली परिषद भरली. भारताच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून कोण गेले होते? नारायण मल्हार जोशी. आपल्या पलीकडच्या रायगडातल्या गोरेगावचे! त्या परिषदेत पहिला करार झाला तो कामाच्या तासांचा: दिवसाला आठ, आठवड्याला ४८. पण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी त्यात वेगळं कलम घातलं, आठवड्याला ६०. म्हणजे मँचेस्टरच्या गिरणीत माग चालवणाऱ्या साचेवाल्याला ४८ आणि परळच्या साचेवाल्याला ६०. जोशींना सरकारने नेमलं, कामगारांना विचारलंच नाही, म्हणून इथे नाराजीही झाली. दुसऱ्याच वर्षी मुंबईत आयटक, म्हणजे देशभरच्या कामगार संघटनांची मध्यवर्ती संघटना, स्थापन झाली त्यामागे हेही एक कारण होतं, आणि गंमत म्हणजे ती उभारण्यात जोशीही होते. मग पुढची कित्येक वर्षं हा माणूस जिनेव्हाला जाऊन तिथल्या लोकांशी मुंबईच्या गिरण्यांबद्दल काय बोलत होता, ते मला वाचायचंय.

अप्पा गिरणीच्या साचाखात्यात होते म्हणून मी हा विषय घेतला, हे अर्जात लिहिलं नाही. तिथे "जागतिक श्रमधोरणातील वसाहतींचं स्थान" असं भारदस्त लिहिलंय. पण पत्र्याच्या पेटीवर बसून मी पाढे पाठ करायचे आणि अप्पा "भोंगा झाला, उठा" म्हणून मला उचलायचे, ते डोक्यात होतंच. ब्याऐंशीच्या संपानंतर ते गावी आले आणि मुंबईचं नाव काढेनासे झाले. बाबा, तुम्हीही काढत नाही. मी विचारलं की तुम्ही बाहेर जाऊन गाईला पाणी दाखवता.

मग मुंबईतच का नाही काम करत, असंही म्हणाल. करणार आहे. राज्याचं अभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, तिथे डिसेंबरात बसणार. डिसेंबरात येतेय, पूर्ण तीन आठवडे, त्यातले मुंबईला चारच दिवस. तुकाकाकांशीही बोलायचंय, पण माणसांच्या मुलाखती घ्यायच्या तर आधी विद्यापीठाच्या समितीची परवानगी लागते, अगदी अप्पांच्या खोलीतल्या माणसाची घ्यायची तरी. तेव्हा बाबा, कृपा करून तुम्ही आपणहून त्यांना काही विचारून ठेवू नका.

तिथून फोन करणंही सोपं होईल. आत्ता आपल्यात साडेनऊ तासांचं अंतर आहे, मी उठते तेव्हा तुमची सांज होते. जिनेव्हा फक्त साडेतीन तास मागे. रोज तुमच्या नवाच्या बातम्यांआधी फोन करेन. जूनमध्ये तिथे रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे "अंधारात फिरू नकोस" हे वाक्य आठ आठवडे रजेवर. कुळथाचं पीठ अजून अर्धा किलो शिल्लक आहे.

आता मुद्द्याचं. बाबा, ऑपरेशन मी आल्यावर करायचं असं तुम्ही ठरवलं होतंत. ते रद्द. पाऊस लागायच्या आत, मे महिन्यातच करून घ्या. मंदारदादा गाडी काढणार आहे, माझं बोलणं झालंय. साखर आटोक्यात असल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत, तेव्हा हापूसची एक फोड. एकच. पेटीजवळ उभं राहून खाल्लेलीही मोजायची. नंतर डोळ्यात पाणी जाता कामा नये, वाकून पन्हळ साफ करायची नाही, थेंब वेळच्या वेळी. आई, तू विहिरीचं पाणी शेंदणं बंद कर, पंप दुरुस्त करून घे. वाचनालयातल्या कामाचे साठलेले पैसे खात्यात टाकलेत. ते डोळ्यासाठी आणि पंपासाठी आहेत, पडवीच्या पत्र्यांसाठी नाहीत. पत्रे डिसेंबरात बघू.

आणि अप्पांची पेटी एकदा उघडा. बदली कामगाराचं कार्ड, युनियनच्या पावत्या, काय असेल ते. ऊन दाखवू नका, कागद तडकतात. मंदारदादाला फक्त फोटो काढू दे.

बाबा, विमानतळावर घोषणा सुरू झाली की अजूनही क्षणभर वाटतं, "फलाट क्रमांक तीनवर लागलेली गाडी" असं तुमच्या आवाजात ऐकू येईल. तुमच्या केबिनमधल्या स्टुलावर बसून मी गाड्या मोजायचे. ड्युटी संपली तरी शेवटची गाडी गेल्याशिवाय तुम्ही उठायचा नाहीत. रागावला असाल तर रविवारी फोनवर रागवा, पण फोन तुम्हीच घ्या, आईकडे देऊ नका.

तुमची,
चिमणी

ता. क. आई, आंब्याची साटं डिसेंबरपर्यंत टिकतात. माझ्या वाटणीची वेगळ्या डब्यात ठेव, आणि डबा कुठे ते बाबांना सांगू नकोस. (बाबा, ही ओळ तुमच्यासाठी नव्हती.)