‘कुठली ज्वारी?’ असं विचारणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

खाण्याविषयी लिहू पाहणारी तरुण मुलंमुली हल्ली मला विचारतात, की या वाटेला लागायचं कसं, यावर पोट भरतं का, नाव कसं होतं. मी उत्तर द्यायला बसते आणि दर दोन वाक्यांमागे तुमचंच काहीतरी सांगत असते. मग ते श्रेय मनातल्या मनात कशाला ठेवायचं? म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. आपलं नाव कुठे छापलेलं तुम्हाला आवडत नाही, तेवढं पथ्य पाळलं आहे.

तुमच्या पुरवणीसाठी पहिला लेख घेऊन मी पुण्याच्या कचेरीत आले, तेव्हा खाद्यलेखन म्हणजे काय याचा एक साचा ठरून गेला होता. नवं हॉटेल उघडलं की त्यावर चारशे शब्द, सण आला की त्या सणाची पाककृती आणि अधूनमधून आजीच्या हातची चव. मी भाकरीवर लिहिलं होतं. तुम्ही लेख उभ्याउभ्याच वाचलात, समासात पेन्सिलीने ‘कुठली ज्वारी?’ एवढंच लिहिलंत आणि दोन चहा सांगितलेत.

मी म्हटलं, दादर. ती कुठे होते, तुम्ही विचारलंत. तापी-गिरणेच्या काठच्या काळ्या जमिनीत. पाणी किती देतात? देतच नाहीत, पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर रब्बीत येते. मग खरिपातल्या हायब्रीडच्या आणि हिच्या भाकरीत फरक काय? तिथे मात्र माझी गाडी सुटली. दादरच्या पिठाला चिकटपणा असतो, थापताना भाकरीच्या कडा चिरत नाहीत, चवीला गोडसर लागते, सकाळची भाकरी संध्याकाळीही मऊ राहते. आमच्याकडे लग्न जमवताना पाहुण्यांना कुठली भाकरी वाढली यावरून घराची पत जोखणारी माणसं होती, तेही सांगितलं. चहा गार झाला. तुम्ही म्हणालात, “पुण्यात हे कोणी लिहीत नाही. तू हेच लिही.”

माझी सगळी वाट त्या वाक्यातून निघाली. तोवर मला वाटायचं, खाद्यलेखक व्हायचं तर कोकणातल्या सोलकढीपासून नागपूरच्या सावजीपर्यंत सगळ्यावर बोलता आलं पाहिजे. तुम्ही माझं अंगण आखून दिलंत: जळगाव, धुळे, नंदुरबार, बस्स. एवढ्याशा मुलखावर लिहिलेलं वाचणार कोण, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही संपादकाच्या खुर्चीतून हिशेब मांडलात. हॉटेलांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. शेत, गिरणी, बाजार आणि चूल एका धाग्यात ओवून खानदेशावर सातत्याने लिहिणारं माणूस संपादकाला शोधावं लागतं. त्याला कधीतरी गरज पडेल, तेव्हा तुझी वही भरलेली असली म्हणजे झालं.

ती गरज २०२३ साली पडली. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी ते वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं आणि ज्वारी-बाजरीचं नाव न घेणाऱ्या पुरवण्यांनाही अचानक ज्वारीवर मजकूर हवा झाला. माझ्याकडे दादर होती, बिबडे म्हणजे ज्वारीचे वाळवणाचे पापड होते, कळणा होता. कळण्याच्या भाकरीचीच गोष्ट घ्या. ज्वारीत सालीसकट काळे उडीद मिसळायचे, साधारण चौथाई, काही घरांत त्याहून जास्त. मीठ धान्यातच घालायचं आणि दळून आणायचं. कुठल्या घरात किती उडीद, का, आणि कधीपासून कमी झाले, हे मी तुमच्या सांगण्यावरून गावोगाव विचारून ठेवलं होतं. उडदाचा भाव वाढला की कळण्याचा रंग फिका होतो, हे मला एका गिरणीवाल्याने सांगितलं होतं. गिरणीवाल्याला भेटायचं कोणी सुचवलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. “घराघरांतलं प्रमाण एका माणसाला ठाऊक असतं,” असं तुम्ही म्हणाला होतात. त्या वर्षी माझे लेख एकापाठोपाठ एक छापून आले आणि लोक मला माझ्या विषयाने ओळखायला लागले.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी तुम्ही स्वतः गाडीत बसून जळगावला आलात, त्याबद्दल मी तुमचे कधी नीट आभार मानलेच नाहीत. यावल तालुक्यातल्या त्या मांडे करणाऱ्या मावशींच्या ओसरीवर आपण पहाटेपासून बसलो होतो. गहू धुऊन, ओलसर ठेवून दळलेले, त्याचं सपीट कापडातून चाळून काढलेलं. कणीक सैल, तेलापाण्याचा हात लावून कितीतरी वेळ तिंबलेली. मावशी उंड्यात पुरण भरायच्या, जरासं लाटायच्या आणि मग तो मांडा दोन्ही हातांवर घेऊन असा फिरवायच्या, की बघता बघता त्यांच्या कोपरापर्यंत पातळ पडदा उतरायचा आणि पलीकडचा उजेड दिसायचा. तिथून तो थेट चुलीवरच्या पालथ्या खापरावर.

मी प्रमाण विचारत होते आणि मावशी हसत होत्या. मूठ आणि चिमूट यापलीकडे माप त्यांनी कधी धरलंच नव्हतं. तेव्हा तुम्ही पिशवीतून तो छोटा इलेक्ट्रॉनिक काटा काढलात आणि त्यावर मिठाचा डबाच ठेवलात. “मावशी, तुम्ही नेहमीसारखं घ्या, आमच्याकडे बघू नका.” त्यांनी चिमूट उचलली, आकडा खाली आला आणि तुम्ही तो लिहून घेतलात. मग तेलाची बरणी, मग सपिटाचं पातेलं. माणसाचा हात न थांबवता त्याच्या हाताचं माप कसं घ्यायचं, ते मी त्या दिवशी शिकले. चार-पाच उंड्यांनंतर मावशींना गंमत वाटायला लागली. त्या काट्यात डोकावून बघायच्या, आणि प्रत्येक उंडा आधीच्याच्या दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे भरतोय हे दिसल्यावर त्यांनी सुनेला हाक मारून दाखवलं. आपल्या हाताला अंदाज नसून हिशेब आहे, हे त्यांनी त्या दिवशी आकड्यांत पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो अभिमान मी लेखात जसाच्या तसा आणू शकले नाही, पण प्रत्येक पाककृती लिहिताना तो डोळ्यांसमोर असतो.

परतताना तुम्ही मुक्ताबाईची कथा काढलीत. मांडे भाजायला कुंभारांकडून खापर मिळू दिलं नाही, म्हणून ज्ञानदेवांनी आपली पाठ तापवली, ही कथा मराठी मुलाला पाळण्यात कळते. मुक्ताईनगर तर आमच्याच जिल्ह्यात. “कथा सगळे सांगतात,” तुम्ही म्हणालात, “आज खापर कोण घडवतं ते कोणी लिहिलंय का?” दुसऱ्या दिवशी आपण कुंभारवाड्यात होतो. खापराची मागणी आखाजीच्या तोंडावरच कशी येते, वर्षाच्या बाकीच्या दिवसांत चाक कशावर चालतं, गॅसवर बसेल असं खापर मागणारी गिऱ्हाइकं काय म्हणतात, सगळं आपण विचारलं. ताई, मला सगळ्यात जास्त पत्रं त्या लेखाला आली.

वाचायला काय द्यावं हेही तुम्हाला नेमकं कळायचं. तुम्ही मला कमलाबाई ओगले यांची १९७० ची ‘रुचिरा’ काढून दिलीत आणि तिच्यातलं वाटी-चमच्याचं माप बघायला सांगितलंत, कारण घरापासून लांब नव्याने संसार मांडलेल्या कितीतरी मुलींना त्या मापाने धीर दिला. त्याच आठवड्यात शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हातात ठेवलंत. मराठवाड्यातल्या दलित समाजांच्या अन्नाविषयी वाचताना कळलं, की छापील पाककृतींच्या ढिगात कितीतरी चुली कधी आल्याच नव्हत्या. तेव्हापासून गावात गेले की एकाच आळीत जेवून परतायचं नाही, हा नियम मी पाळते. माझ्या लेखनात काही वजन असेल, तर ते या नियमामुळे आहे असं मला मनापासून वाटतं.

पैशांबद्दल लिहायला आपल्याकडे लाजतात. तुम्ही कधी लाजला नाहीत, म्हणून मीही लाजत नाही. नुसत्या सदरांवर घर चालत नाही, हे तुम्ही पहिल्या महिन्यातच सांगितलंत. लेख द्यायच्या आधी मानधन विचारायचं, लेखी घ्यायचं, आणि ताटाचे पैसे आपण द्यायचे. कोणी फुकट जेवू घातलं तर ते लेखात लिहायचं, नाहीतर त्या जागेवर लिहायचंच नाही. एका मसाला कंपनीने शेवभाजीच्या लेखात आपलं नाव घालायला सांगितलं आणि त्याच्या बदल्यात पानभर जाहिरात देऊ केली, तेव्हा तुम्ही फोनवर शांतपणे नाही म्हणालात आणि माझा लेख ठरल्या दिवशी, ठरल्या जागी छापलात. त्या जाहिरातीवाचून पुरवणीचं किती नुकसान झालं असेल, याचा अंदाज मला आज येतो.

पोटापाण्याची दुसरी वाटही तुम्हीच दाखवलीत. बिबडे, पापड, कळण्याचं पीठ विकणाऱ्या बचत गटांना पाकिटावरचा मजकूर लिहून हवा असतो, आणि तो लिहिणारं कोणी मिळत नाही. पाकिटावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात, निव्वळ वजन द्यावं लागतं, तारीख द्यावी लागते. डबा काट्यावर ठेवायची ती युक्ती इथे रोज उपयोगी पडते, कारण गटातल्या बायकांच्या हातातलं प्रमाण कागदावर आल्याशिवाय तो क्रम लावताच येत नाही. सोबत पीठ कसं मळायचं, किती दिवस टिकेल, कशाशी खायचं, अशी चार ओळींची चिठ्ठी. या कामाने माझं घरभाडं निघतं आणि लेखासाठी हवं तितकं हिंडता येतं. सदरापेक्षा हे काम कमी मोलाचं आहे असं मला कधीच वाटलं नाही. एखाद्या ताईच्या बिबड्यांचं पाकीट मुंबईच्या दुकानात बघितलं, की छापील लेखाइतकाच आनंद होतो.

बिबड्यांवरून आठवलं. उन्हाळ्यात भल्या पहाटे अंगणात ज्वारीचा घाटा शिजतो, मिरची-लसूण-तिळाचा वास गल्लीभर जातो, आणि कापडावर बिबडे पडायच्या आधी पोरं वाट्या घेऊन बसतात. गरम घाट्यावर कच्च्या तेलाची धार. यावर मी लिहिलेलं वाचून सुरतहून, उधना-लिंबायत भागातून, कितीतरी खानदेशी वाचकांनी मला कळवलं की त्यांच्या चाळींच्या गच्चीवर अजूनही असाच घाटा होतो. कापड गिरण्यांच्या कामाला गेलेली ही माणसं आपल्या वाळवणासकट तिथे रुजली. आता तिथली वाळवणं हा माझा पुढचा विषय आहे. तीन जिल्ह्यांचं अंगण आखून घेतलं, म्हणूनच त्याची चौथी बाजू मला गुजरातेत सापडली.

वाट शोधणाऱ्या ज्यांच्यासाठी हे पत्र उघडं लिहिलं, त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते. ताईंनी मला शैली शिकवली नाही. माझं एकही वाक्य त्यांनी स्वतःच्या शब्दांत बदललं नाही. त्या प्रश्न विचारायच्या, आणि उत्तर शोधायला मला गावी पाठवायच्या. २०१६ मध्ये जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यावरच्या लेखातही त्यांना मानांकनाची बातमी पुरली नाही. बामणोदच्या शेतकऱ्याला त्यामुळे किलोमागे काही जास्त मिळतं का, भरीत भाजायला कपाशीच्या काड्या कोण गोळा करून देतं, आणि लग्नाच्या भरिताला मिरच्या कुटणाऱ्या बाईला मजुरी किती, हे त्यांना हवं होतं. ज्यांना असा विचारणारा माणूस मिळेल त्यांनी त्याला सोडू नये.

ताई, तुम्ही निवृत्त झालात तेव्हा निरोप समारंभ नको म्हणालात, म्हणून बोलायचं राहून गेलं. माझा प्रत्येक लेख वेळ काढून वाचलात, माझ्या मुलखावर माझ्याआधी विश्वास ठेवलात, प्रवासखर्चाच्या चिठ्ठ्यांवर न कुरकुरता सह्या केल्यात आणि मला माझ्याच गावी परत पाठवलंत. या सगळ्यासाठी मनापासून आभार. खूप खूप आभार.

सध्या नंदुरबारच्या मिरची पथारीवर लिहिते आहे. मैदानभर पसरलेली लाल मिरची, आणि तिच्या कडेला बसून दिवसभर देठ खुडणाऱ्या बायका. मजुरी, मिरचीचं वाण, उतरणारं वजन, हाताची आग शमवायला त्या काय लावतात, हे सगळं विचारून झालं आहे. मसुदा रविवारपर्यंत टपालाने पाठवते, कागदावर, समास मोठा सोडून. सोबत दादरचं पीठही आहे, या हंगामातलं.

तुमची,
जळगावची

ता. क. मावशींच्या सुनेने आता स्वतःचा काटा घेतला आहे. आखाजीच्या ऑर्डरी ती वजनावर घेते.