राखणदारांसमोर बोलण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला भाषणाचा मसुदा मी काल रात्री आणि आज सकाळी असा दोनदा वाचला. भाषा चांगली उतरली आहे आणि बहिर्जी नाइकांवरचा परिच्छेद तुझ्या महाविद्यालयात टाळ्या घेईल यात शंका नाही. परंतु ज्यांच्यासमोर तू बोलणार आहेस त्यांच्यासाठी हे भाषण लिहिलेले नाही, असे मला स्पष्टपणे सांगावे लागत आहे. निवृत्तांच्या मेळाव्याच्या निमंत्रणातील ‘गुप्तचर संस्था’ हे शब्द तू वाचलेस आणि त्यापुढचे ‘सुरक्षा अधिकारी’ हे शब्द तुझ्या नजरेतून निसटले. समोर बसणारी मंडळी हेर नव्हती. हेरांनी आणलेले जेथे ठेवले जाते ती खोली, ते कपाट, तेथवर जाणारा जिना आणि त्या जिन्यावरून येणारी-जाणारी माणसे राखणे हे त्यांचे काम होते. हेराला यश आले तर पन्नास वर्षांनी का होईना, त्याची गोष्ट होते. राखणदाराला यश आले म्हणजे त्या दिवशी काहीच घडलेले नसते, आणि काहीच न घडल्याची गोष्ट कोणी सांगत नाही. तू ती सांगावीस, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्याआधी एक खुलासा. मी स्वतः निवृत्तिवेतनाच्या नियमांनी बांधलेली आहे. २०२१ च्या सुधारणेनुसार, माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतील, म्हणजे गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांच्या यादीतील, संस्थांतून निवृत्त झालेल्या कोणालाही आपल्या संस्थेच्या कार्यक्षेत्राविषयी किंवा तेथील माणसांविषयी पूर्वपरवानगीवाचून काही प्रसिद्ध करता येत नाही, आणि तसे केल्यास निवृत्तिवेतन रोखले जाऊ शकते. म्हणून या पत्रात मी जे सुचवते आहे ते सारे पूर्वीच छापून आलेले आहे. तुझ्या श्रोत्यांनाही हाच नियम लागू आहे, हे ध्यानात ठेवून भाषणानंतर ‘आपले अनुभव सांगा’ अशी विनंती कोणालाही करू नकोस. ते हसून चहाकडे वळतील आणि तुला वाटेल की भाषण आवडले नाही.

सुरुवात तू चित्रपटातील गुप्तहेराच्या विनोदाने केली आहेस, ती काढून टाक. तो विनोद या मंडळींनी प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक मुंजीत ऐकलेला आहे. त्याऐवजी कुलपापासून सुरुवात कर. घराबाहेर पडताना मी कुलूप लावते, ओढून पाहते आणि चार पायऱ्या उतरल्यावर परत येऊन पुन्हा ओढून पाहते, म्हणून तू आणि तुझे बाबा आजवर हसत आला आहात. संध्याकाळी कपाट बंद केल्यावर मूठ ओढून पाहायची, दुसऱ्या माणसाने ती पुन्हा ओढायची आणि मग दोघांनी नोंदवहीत वेळ घालून सही करायची, अशी शिस्त कोणत्याही गोपनीय कागदांच्या दालनात असते, आणि ती सुटता सुटत नाही. हे तू सांगितलेस की निम्मे सभागृह आपापल्या बायकोकडे किंवा नवऱ्याकडे पाहील.

तेथून तू तुझ्या विषयात सहज शिरू शकशील. तू बखरी वाचणारा माणूस आहेस. १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत गडाच्या बंदोबस्ताचा जो भाग आहे, तो या श्रोत्यांना बहिर्जींच्या वेषांतरापेक्षा अधिक जवळचा वाटेल. एका गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे तोलामोलाचे अंमलदार ठेवायचे आणि कारभार तिघांच्या विचाराने चालवायचा, म्हणजे एकटा माणूस फितूर झाला तरी गड जात नाही. आजच्या कार्यालयात एका कपाटाच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, त्यामागे हाच विचार आहे. इतिहासकार म्हणून तू येथे पंधरा मिनिटे रमशील, पण पाच पुरेत.

हिरकणीची गोष्ट सांगताना तुला संकोच वाटेल, कारण तिला समकालीन कागदाचा आधार नाही. लोककथा म्हणूनच सांग, परंतु सांग. सूर्यास्तानंतर रायगडाचे दरवाजे बंद झाले, दूध विकायला आलेली गवळण आपल्या तान्ह्या बाळासाठी कडा उतरून घरी गेली आणि महाराजांनी तिचा सन्मान करून त्या जागी बुरूज बांधला, हे आपण लहानपणापासून मातेच्या धैर्याची कथा म्हणून ऐकतो. सुरक्षा अधिकारी मात्र ती वेगळ्या कानाने ऐकतो. जी वाट नाही असे सारे धरून चालले होते, ती आहे हे एका बाईने दाखवून दिले. तिला शिक्षा झाली नाही, आणि भगदाड त्वरित बुजवले गेले. चूक दाखवणाऱ्याला गप्प बसवणारे वरिष्ठ ज्यांनी भोगले आहेत, त्यांना ही बक्षिसाची बाब पटकन समजेल.

भाषणाचा मुख्य भाग मात्र ‘काश्मीर प्रिन्सेस’ला दे. एअर इंडियाचे हे विमान ११ एप्रिल १९५५ रोजी हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघाले. इंडोनेशियात बांडुंग येथे भरणाऱ्या आशियाई-आफ्रिकी देशांच्या परिषदेला जाणारे चिनी प्रतिनिधी आणि पत्रकार त्यात होते, आणि चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय त्याच विमानाने जातील असा मारेकऱ्यांचा समज होता. चौंनी बेत बदलला होता, विमानाने बदलला नव्हता. समुद्रावर असताना चाकाच्या कप्प्यात स्फोट झाला. कॅप्टन जठार यांनी जळते विमान पाण्यावर उतरवण्याचा प्रयत्न केला. १९ जणांपैकी १६ गेले, आणि वाचलेल्या तिघांत देखभाल अभियंता अनंत कर्णिक आणि सहवैमानिक दीक्षित होते. ही नावे सभागृहात सावकाश उच्चार, कारण हा प्रसंग चिनी आणि ब्रिटिश राजकारणाचा म्हणूनच सांगितला जातो आणि आपली माणसे त्यात कोठे होती हे पुण्यातही फारसे कोणाला ठाऊक नसते.

भारताच्या वतीने तपासासाठी गेले ते गुप्तवार्ता विभागातील रामेश्वरनाथ काव, पुढे १९६८ मध्ये ‘रॉ’चे पहिले प्रमुख झालेले. समुद्रतळातून काढलेल्या अवशेषांत घड्याळयंत्राचे तुकडे मिळाले. संशयित कोण ठरला, तर हाँगकाँगच्या विमानतळावर विमानांची साफसफाई करणारा एक कामगार, जो काही आठवड्यांत तैवानला निसटला आणि परत दिला गेला नाही. धोक्याची सूचना ब्रिटिश अधिकाऱ्यांना आदल्या दिवशीच मिळाली होती, हेही सांग. येथे थोडा थांब. जो परका आहे त्याला अडवणे सोपे असते. ज्याच्याकडे आत जाण्याचे रीतसर कारण आहे, त्याचे काय करायचे, हा प्रश्न या मंडळींनी आयुष्यभर उशाशी घेतलेला आहे.

त्याच प्रश्नाचे दुसरे रूप म्हणजे जानेवारी १९८५ मध्ये दिल्लीत उघडकीस आलेले कूमर नारायण या व्यावसायिकाचे हेरगिरी प्रकरण. पंतप्रधानांच्या कार्यालयातील कर्मचारी फायली बाहेर नेऊ देत, त्यांच्या छायाप्रती निघत आणि मूळ फाइल आपल्या जागी परत येई. त्यामुळे मोजणीत काहीच कमी भरत नसे. प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांनी, स्वतःवर आरोप नसताना, राजीनामा दिला. तेच पुढे १९९३ पासून आपल्या राज्याचे राज्यपाल होते. हे दोन मिनिटांत आटोप आणि त्या कर्मचाऱ्यांची टिंगल करू नकोस. तेव्हा नोकरीत असलेले लोक तुझ्यासमोर असतील, आणि त्यानंतर त्यांच्या प्रत्येक छायाप्रत यंत्राशेजारी एक नोंदवही येऊन बसली असेल.

आता किरकोळ सूचना. सभा जेवणानंतर आहे आणि बहुतेकजण सत्तरीपुढचे आहेत, तेव्हा पंचवीस मिनिटांपुढे जाऊ नकोस आणि वाक्याचा शेवट गिळू नकोस. श्रवणयंत्रात क्रियापदच ऐकू आले नाही तर मराठी वाक्य फुकट जाते. ‘अज्ञात वीर’ हा शब्दप्रयोग तुझ्या मसुद्यात चार वेळा आला आहे, तो चारही ठिकाणी खोड. समोर केवळ अधिकारी नसतील, फाटकावर उभे राहिलेले आणि गाडी चालवलेलेही असतील, म्हणून संबोधन ‘मान्यवर’ नको, ‘मंडळी’ असू दे. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास संयोजकांना आधी विचार, आणि त्यांनी नको म्हटले तर कारण विचारू नकोस.

नवा मसुदा रविवारपर्यंत आण, मी वाचून ठेवीन. भाषणाची छापील प्रत माइकजवळ विसरून येऊ नकोस. आलासच, तर कोणीतरी ती उचलून, पाने मोजून, तुझ्या मागे जिन्यापर्यंत येईल आणि मिळाल्याची सही मागेल.

तुझी,
आई