सही घेण्याआधी सांगा

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी माझ्या यजमानांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. कॅन्सर निघून गेला, पीएसए (रक्तातली प्रोस्टेटची खूण) आज तपासणीत सापडणार नाही इतका खाली आहे. ज्या डॉक्टरांनी हे केलं त्यांचे आम्ही ऋणी आहोत. माझी तक्रार आहे ती संमतीच्या कागदाबद्दल.

आदल्या रात्री तो छापील अर्ज पुढे आला. लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांबद्दल त्यात बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. “सगळ्यांकडूनच घेतात” असं ऐकलं आणि सही झाली. दहाव्या दिवशी कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी) काढला, हे उठून उभे राहिले आणि पायजमा भिजला. ऑपरेशन फसलं, असंच त्यांनी धरलं. पुढे कित्येक आठवडे ते उंबऱ्याबाहेर पडले नाहीत, माझ्याशीही धड बोलले नाहीत.

हे का होतं ते मला खूप नंतर कळलं. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते आणि लघवीची नळी तिच्यामधूनच जाते. ग्रंथी काढली की नळी मूत्राशयाला पुन्हा जोडावी लागते आणि लघवी धरून ठेवण्याचा सारा भार खालच्या स्नायूंवर येतो. त्या स्नायूंचा व्यायाम ऑपरेशनच्या आधीच शिकवता येतो. आम्हाला तो तीन महिन्यांनी कळला! ताठरतेच्या नसा ग्रंथीला अगदी चिकटून असतात. त्या वाचवण्याची पद्धत १९८२ पासून आहे, पण कॅन्सर तिथवर पोचला असेल तर नसा वाचवता येत नाहीत. आणि वाचवल्या तरी त्या सावरायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. वीर्य तर कायमचंच थांबतं. ज्याला अजून मूल हवं आहे त्याला शुक्राणू आधी गोठवून ठेवता येतात, पण हे ऑपरेशननंतर सांगून काय उपयोग?

ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांचा मोठा अभ्यास झाला. ऑपरेशनच्या गटात सहा महिन्यांनी ४६ टक्के जण लघवी शोषणारं पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७ टक्के. ऑपरेशन, रेडिएशन किंवा नुसती नियमित देखरेख, काहीही वाट्याला आलं तरी पंधरा वर्षांत या कॅन्सरने दगावलेले प्रत्येक गटात तीन टक्क्यांच्या आसपास होते. देखरेखीच्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण जास्त होतं, हेही खरं. प्रत्येकाला ही निवड मिळत नाही. पण ज्याला मिळते त्याने ती सगळं समजून करावी, आणि त्यासाठी सहसा वेळही असतो.

म्हणून मागते: ऑपरेशनच्या निदान आठवडाभर आधी, रुग्णाच्या भाषेत, जोडीदाराला सोबत बसवून हे बोलणं व्हावं आणि ते नियमाने बंधनकारक असावं. आपल्याकडच्या किती रुग्णांना वर्षानंतरही पॅड लागतं, हे प्रत्येक रुग्णालयाने सांगावं. फिजिओथेरपी आणि समुपदेशन उपचाराचाच भाग धरावा.

आणखी एक. मागच्या महिन्यात हे पहिल्यांदा एकटे प्रवासाला गेले. वापरलेलं पॅड पिशवीत गुंडाळून दिवसभर बॅगेत बाळगलं, कारण पुरुषांच्या एकाही स्वच्छतागृहात ते टाकायला झाकणाचा डबा नव्हता. तो डबा ठेवण्याचा आदेश आपण याच आठवड्यात काढू शकता.

आपली,
एका रुग्णाची पत्नी