दगड आणि ओवी, एकाच कलमात

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय, स.न.वि.वि.

मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. नवी मुंबईत, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका वस्तीत राहते. माझ्यावर मनाई आदेश मोडल्याचा गुन्हा दाखल आहे: महाराष्ट्र पोलीस अधिनियम, कलम 37(1)(3) सह 135. हे आकडे आता पाढ्यांसारखे पाठ झालेत.

आमच्या वरच्या गल्ल्यांना पाणी रात्री अडीचला यायचं, तेही अर्धा तास. सहा महिने अर्ज केले, पोच घेतली, पोचेच्या झेरॉक्सही काढल्या. मग अकरा बायका आणि मी हंडे घेऊन पाण्याच्या कार्यालयासमोर बसलो, फाटकाच्या एका अंगाला, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट ठेवून. दोन ओव्या म्हटल्या, हंडे वाजवले. एकीचा मुलगा, विशीतला, फलक धरून उभा होता. तासाभराने त्याचा धीर सुटला. त्याने फुटपाथवरचा दगड उचलला. आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजींनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि आपला हंडा त्याच्या पुढ्यात सरकवला. "हा धर. दोन्ही हात लागतील."

ना काच फुटली, ना वाहतूक खोळंबली. गुन्हा मात्र तेराही जणांवर लागला. पोलीस ठाण्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या हवालदारांनी आम्हाला चहा पाजला होता, आणि माझं भांडण त्यांच्याशी नाहीच.

परवानगी का मागितली नाही, असं आपण विचाराल. मागितली होती. होकार आला नाही, नकारही आला नाही.

सवयीप्रमाणे मग मी कलमच वाचायला घेतलं. कायदा 1951 चा. 37(1) मध्ये कशाकशाला मनाई करता येईल याची यादी आहे. शस्त्रं, सोटे, दाहक पदार्थ, स्फोटकं, दगड जमवणं. हे सगळं पटलं. पण त्याच यादीत पुढे जाहीर घोषणा, गाणी, वाद्यं, हावभाव आणि नकलाही आहेत. दगड आणि ओवी शेजारीशेजारी! 37(3) मध्ये जमाव आणि मिरवणुकीला मनाई करण्याचा अधिकार आहे, आणि आदेशांत ती पाच माणसांपासून सुरू होते. लग्न आणि अंत्ययात्रेला सूट असते. आमच्यातली एक म्हणाली, "बाई, मग पुढच्या वेळी पाइपाची तिरडीच काढू." मी तिला सांगितलं, प्रेताच्या किंवा पुतळ्याच्या प्रदर्शनालाही त्याच कलमात मनाई करता येते. सगळ्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही.

कायदा करणाऱ्यांना या अधिकाराचा धोका दिसला असावा. 37(3) चा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. व्यवहारात काय होतं? ठाणे घ्या, नवी मुंबई घ्या. सण, जयंत्या, परीक्षा, निवडणुका, संभाव्य आंदोलनं अशी कारणं देऊन एक आदेश संपता संपता दुसरा निघतो. सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजी काश्मीरमधल्या निर्बंधांवरच्या अनुराधा भसीन प्रकरणात, फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या तेव्हाच्या जमावबंदीच्या कलम 144 बद्दल बोलताना, असे आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे, आणि रास्त मत मांडणं दडपण्यासाठी ते वापरता येणार नाहीत, असं स्पष्ट केलं. आपलं कलम वेगळं आहे, मान्य. न्याय वेगळा असायचं कारण मला दिसत नाही.

पाण्यासाठी शांतपणे उभं राहण्याची रीत आम्ही काही नव्याने काढलेली नाही. महाडचं चवदार तळं तिथल्या नगरपालिकेने 1924 च्या ठरावाने सगळ्यांना खुलं केलं होतं. ते कागदावरच राहिलं. म्हणून 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब लोकांना घेऊन गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ले झाले, त्यांना मारहाण झाली. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना हात उचलू दिला नाही. डिसेंबरमध्ये पुन्हा हजारो जमले, तेव्हा दिवाणी न्यायालयाची तात्पुरती मनाई समोर ठेवली गेली. तीही त्यांनी पाळली आणि कोर्टात लढले. उच्च न्यायालयाचा निकाल लागला 1937 साली. वर्गात हा धडा शिकवताना मी बाबासाहेबांच्या संयमाचं कौतुक करून पुढे जायची. दहा वर्षं कुणी लावली, हे एकाही मुलाने विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

जवळचं सांगते. मार्च 2018 मध्ये नाशिकहून निघालेले शेतकरी आणि आदिवासी भिवंडी, ठाणे करत मुंबईत आले. वनजमिनीचे दावे ही त्यांची मुख्य मागणी होती. ते दावे ज्या वनहक्क कायद्याखाली केले होते, तो 2006 चा. दहावीची परीक्षा चालू होती. मुलांची अडचण होऊ नये म्हणून ही माणसं सायनहून रात्रीच आझाद मैदानाकडे चालत निघाली. फुटलेल्या टाचांचे फोटो आपण पाहिले असतील. 12 मार्चला लेखी आश्वासन मिळालं. फेब्रुवारी 2019 मध्ये त्यांना पुन्हा निघावं लागलं. मार्च 2023 मध्ये पुन्हा. तेव्हा मोर्चा आपल्याच ठाणे जिल्ह्यात, वाशिंदला थांबला आणि तिथे एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. एवढं शहाण्यासारखं वागणाऱ्यांना एकाच रस्त्यावरून तीनदा चालवायचं, हे काय गणित आहे?

आणि उलटं उदाहरण या शहराच्या पायातच आहे. जानेवारी 1984 मध्ये उरण भागात, जासई-दास्तान फाटा आणि नवघर इथे, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच माणसं मारली गेली. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. आमच्याकडे गावठाणातली जुनी माणसं सांगतात, पाच जीव गेले तेव्हा कुठे सरकारला ऐकू आलं. त्यांचं म्हणणं पुरतं बरोबर नाही. या लढ्याचे नेते दि. बा. पाटलांनी त्याआधी आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं जी माणसं जोडली, ती ते मोजत नाहीत. पण पोरांच्या डोक्यात तेवढंच बसतं. त्याच प्रकल्पग्रस्तांनी 10 जून 2021 रोजी नवी मुंबईच्या विमानतळाला पाटलांचं नाव द्यावं म्हणून मानवी साखळी केली, ऐन कोरोनात. अशा साखळीत हात धरणाऱ्या पोराला तुम्ही काय शिकवता, यावर तो पुढच्या वेळी हातात काय धरेल हे ठरतं.

आमच्या मुलाचंच बघा. परवा त्याला एका गोदामात नोकरी लागत होती. चारित्र्य पडताळणीत गुन्हा दिसला, नोकरी गेली. "बाई, दगड मारला असता तरी एवढंच झालं असतं ना?" असं त्याने विचारलं. कायद्याने नाही, आणखी कलमं लागली असती, असं मी म्हणाले. तो गप्प झाला. माझं उत्तर बरोबर होतं, तरी मला लाज वाटली.

गर्दीत कुणीतरी दगड घेऊन घुसतो, ही पोलिसांची अडचण मला कळते. रास्ता रोकोत अडकलेल्या रुग्णवाहिकेचा भोंगा मीही ऐकलाय, आणि ज्यांनी तो रस्ता अडवला त्यांची बाजू मी घेणार नाही. पण मग दगडवाल्याला धरा. गाणाऱ्याला धरायला वेगळी अक्कल लागत नाही, दगडवाला शोधायला लागते.

आपल्याकडून हवं ते फार नाही. मनाई आदेश काढताना नेमकं कारण आणि नेमकी जागा लिहावी, अख्ख्या आयुक्तालयावर चादर टाकू नये. परवानगीच्या अर्जाला तीन दिवसांत लेखी उत्तर मिळावं, न मिळाल्यास परवानगी धरावी. आंदोलनांचे गुन्हे मागे घेताना सरकार जीवितहानी झाली का, नुकसान किती झालं हे पाहतं. ज्या गुन्ह्यांत यातलं काहीच घडलेलं नाही, ते वर्षानुवर्षं फाइलीत ठेवण्याऐवजी आधी निकाली काढा. आणि धरण्यावर बसलेल्यांकडे त्या खात्याचा एक जबाबदार अधिकारी त्याच दिवशी आला पाहिजे. आमच्याकडे कुणीही आलं नाही. पाणी आता पहाटे चारला येतं, एवढी प्रगती आहे.

सोबत पुढच्या धरण्याचा अर्ज जोडला आहे. प्रत स्थानिक पोलीस ठाण्यालाही दिली आहे. वेळ सकाळी अकरा ते एक. माणसं तेरा, हंडे अकरा, फलक एक, ओव्या दोन. ओव्यांचे शब्द मागच्या पानावर लिहिले आहेत, आक्षेप असल्यास कळवावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नवी मुंबई