दिवाळीत बोटीने जाण्याआधी

देवगड
घटस्थापना

चि. मेघना हिस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीच्या सुट्टीत सासूबाईंना आणि छोट्याला घेऊन मुंबईहून लक्षद्वीपच्या क्रूझला निघालीस, ऐकून फार बरं वाटलं. पण फोनवर तू म्हणालीस, "पाऊस संपला, आता समुद्र शांतच असेल," तेवढं मनातून काढून टाक. नारळी पौर्णिमेला आपण दर्याला नारळ देतो, होड्या लोटतो, तरी इथला कुठलाही तांडेल ऑक्टोबर-नोव्हेंबरचा भरवसा धरत नाही. मान्सून परतत असतो, अरबी समुद्राचं पाणी तापलेलं असतं आणि कमी दाबाचा पट्टा बघता बघता वादळ होतो. २००९ साली ११ नोव्हेंबरला 'फयान' आलं. किती घरांतली माणसं परत आली नाहीत, ते तुलाही आठवत असेल. २०१९ साली ऐन दिवाळीत 'क्यार' आलं. ते आपल्या किनाऱ्याला लागलंसुद्धा नाही, बाहेरच्या बाहेर ओमानच्या बाजूला वळलं. तरी लाटा वस्तीत शिरल्या आणि आपल्या बंदरात आसऱ्याला आलेल्या परराज्यांतल्या बोटींची दाटी झाली. वादळ कितीही लांब असो, त्याची लाट पोचतेच. इकडे वारा पडलेला असतो आणि बोट डोलत असते.

जाऊ नकोस असं मुळीच म्हणत नाही. तयारीने जा.

खोली बदलून मिळत असेल तर बोटीच्या मधोमध, खालच्या मजल्यावरची घे. वरच्या मजल्यावर, नाळेच्या म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या बाजूला देखावा सुंदर असतो, पण झोकेही तिथेच जास्त बसतात. मोठ्या बोटींना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, त्यांनी कुशीवर कलणं बरंच कमी होतं. नाळ मात्र लाटेवर चढायची ती चढते आणि आपटायची ती आपटते.

बोट लागते ती डोळे आणि कान यांचं जमत नाही म्हणून. खोलीत बसून मोबाइल पाहिला तर डोळ्यांना सगळं जागच्या जागी दिसतं आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो, हलतंय. म्हणून मळमळ सुरू होतेय असं वाटलं की मोबाइल ठेवायचा, डेकवर वाऱ्यात जायचं आणि लांब क्षितिजाकडे बघत राहायचं. डेक बंद केलं असेल तर मधल्या भागात डोळे मिटून आडवं व्हायचं. उपाशी राहू नका. रिकाम्या पोटी जास्त त्रास होतो. कोरडी बिस्किटं, मऊ भात, घोटघोट पाणी, आणि तोंडात आलेपाकाची वडी. तळणाला हात लावू नका. गोळी घ्यायची तर उलट्यांची वाट बघू नका, आधीच घ्या. एकदा उलटी सुरू झाली की गोळी पोटात ठरत नाही. पण अव्होमिनच्या गोळीने झोप येते, आणि सासूबाईंना रक्तदाबाची औषधं चालू आहेत. त्यांना आणि छोट्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नकोस. छोट्याच्या वयाच्या मुलांना बोट जास्त लागते, त्याची पिशवी आणि टॉवेल हाताशी ठेव.

सासूबाईंच्या उलटीपेक्षा मला त्यांच्या पडण्याची काळजी आहे. वयस्कर माणसांना बोट तशी कमी लागते, पण एका झोक्यात तोल जातो आणि खुबा मोडतो. त्यांना रबरी तळव्याची चप्पल घे. एक हात कायम कठड्याला. बाथरूमच्या उंबऱ्याशी सांभाळायला सांग. आणि दाराच्या चौकटीला कुणीच बोटं लावायची नाहीत, मुठीलाच धरायचं. बोट कलली की जड दार असं आपटतं की हाताचं बोट चेचतं.

लक्षद्वीपला मोठी बोट बाहेर नांगर टाकते आणि माणसं लहान बोटीतून बेटावर नेतात. माझ्या लहानपणी मुंबईची बोट इथे यायची तेव्हा आम्ही असेच पडावात उतरायचो. पडाव लाटेबरोबर वर यायचा, पुन्हा खाली जायचा, आणि खाली गेला की मध्ये काळं पाणी दिसायचं. खलाशी दंड घट्ट धरून म्हणायचा, "थांब, अजून नाही." पडाव पुरता वर आला की "टाक पाय!" आणि पाय फळीवर. घाई करणाऱ्याला तो ओरडायचा, मोठ्या माणसालासुद्धा. तिथेही खलाशी सांगेल तेव्हाच पाऊल टाका. हातात पर्स नको, फोन नको. छोट्याला तू कडेवर घेऊ नकोस, खलाशाच्या हातात दे.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. पाणी खवळलं तर कप्तान बेटावर उतरू देणार नाही, वाटही बदलेल. पैसे भरलेत, मुलगा रडतोय, म्हणून तिथल्या माणसांशी कुणी भांडू नका. जावईबापूंनाही आधीच सांगून ठेव. उतरवता आलं असतं तर त्याने उतरवलंच असतं. इथे बंदरावर धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की अख्ख्या गावाचं पोट दर्यावर असूनही होड्या बंदरात बसतात. सुटण्याआधी लाइफजॅकेटची कवायत घेतात, तिला तिघांनाही घेऊन जा. सासूबाई "मी खोलीतच बसते" म्हणतील, ऐकू नकोस.

तुझा दादा परवा मुंबईला येतोय, त्याच्याबरोबर आलेपाक पाठवते. डॉक्टर काय म्हणाले ते रविवारी फोन करून सांग, आणि खोली बदलून मिळाली का तेही.

तुझी,
आई